भिंतीवरचा लाल शिक्का

१९ फेब्रुवारी २०१९ हा चिनी नववर्षाचा पंधरावा दिवस, म्हणजे कंदिलांचा सण होता. तैवानमधल्या ‘रेड कँडल गेम्स’ या छोट्याशा कंपनीने हाच मुहूर्त साधून आपला दुसरा गेम ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात विक्रीला ठेवला. त्याचं इंग्रजी नाव ‘डिव्होशन’, आणि मूळ चिनी नाव मराठीत सांगायचं तर ‘नवसफेड’. पहिल्या दोन दिवसांत त्याच्यावर कौतुकाचा पाऊस पडला. स्ट्रीमर मंडळी रात्र रात्र जागून तो खेळत होती, आणि त्यांना पाहणाऱ्या हजारो लोकांमध्ये चीनमधल्या तरुणांचा भरणा मोठा होता. २५ फेब्रुवारीला हाच गेम जगात कुठेही विकत मिळेनासा झाला.

या सहा दिवसांत कुठल्याही न्यायालयाने निकाल दिला नव्हता, आणि गेमवर बंदी घातल्याचं कुठल्या सरकारने जाहीर केलं नव्हतं. तरीही दुकानातून वस्तू गेली ती गेलीच. वादग्रस्त गेम दुकानांतून काढले जाण्याचा इतिहास आता बराच लांबला आहे आणि त्यात रक्तपाताचे, अश्लीलतेचे, शाळांमधल्या गोळीबाराचे कितीतरी गेम येतात. त्या सगळ्यांपेक्षा ‘डिव्होशन’चं प्रकरण जास्त शिकवून जातं. ज्या गोष्टीवरून तो गेला, तिचा मूळ कथेशी काडीइतकाही संबंध नव्हता.

रेड कँडलची स्थापना २०१५ साली सहा मित्रांनी मिळून केली. त्यांचा पहिला गेम ‘डिटेन्शन’ जानेवारी २०१७ मध्ये आला. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ अशी अडतीस वर्षं लष्करी कायदा होता, आणि बंदी घातलेली पुस्तकं चोरून वाचली म्हणून माणसं तुरुंगात जात. साठच्या दशकातल्या एका डोंगराळ गावातली शाळा, तिथलं गुप्त वाचनमंडळ आणि एका मुलीच्या हातून घडलेला विश्वासघात, असा ‘डिटेन्शन’चा ऐवज होता. भुताखेतांच्या आडून देशाच्या दडपलेल्या आठवणी सांगणारा हा गेम तैवानमध्ये इतका गाजला की २०१९ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला आणि त्या चित्रपटाने गोल्डन हॉर्स पुरस्कारही मिळवले.

दुसऱ्या गेममध्ये त्यांनी राजकारण बाजूला ठेवलं आणि ते एका घरात शिरले. ऐंशीच्या दशकातली तैपेईतली एक जुनी इमारत आणि तिच्यातला एक फ्लॅट. दू फेंग-यू हा पटकथालेखक, पण आता त्याच्या पटकथांना कुणी विचारत नाही. बायको गोंग ली-फांग एके काळची गायिका आणि अभिनेत्री, लग्नानंतर घरात अडकलेली. लहानगी मेई-शिन टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धेत उतरते. बापाची सगळी अपुरी स्वप्नं तिच्या इवल्याशा खांद्यांवर येतात, आणि एक दिवस तिला श्वास घेणंच जड होऊ लागतं. दुखणं मनाचं आहे, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, असं सुचवलं जातं. माझ्या पोरीला वेड लागलेलं नाही, म्हणून बाप ते उडवून लावतो आणि एका बाईच्या नादी लागतो. ही बाई ‘त्सगू ग्वानयिन’ नावाच्या देवीच्या पंथाची गुरू म्हणवून घेते. देवी काल्पनिक आहे, पण ग्वानयिन खरी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी होऊन उभ्या असलेल्या अवलोकितेश्वराचं ते चिनी स्त्रीरूप. पैसा जातो, बायको घर सोडते, आणि शेवटी नवस फेडायचा म्हणून बाप जे करतो ते इथे सांगण्यात अर्थ नाही. तांदळाच्या दारूने भरलेला न्हाणीघरातला टब आणि बंद दार, इतकं पुरे. अंगारे-धुपारे आणि बुवाबाजीच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट परदेशातली वाटणार नाही.

गेम खेळणारा त्या फ्लॅटमध्ये पुन्हा पुन्हा शिरतो. दर खेपेला वर्ष वेगळं असतं आणि घर थोडं बदललेलं असतं. भिंतीवरचं कॅलेंडर, जाड काचेचा टीव्ही, फिशटँक, देव्हाऱ्यातला लाल उजेड, सगळं इतकं बारकाईने उभं केलं होतं की तैवानमधल्या प्रौढांना आपल्या आजीचं घर आठवलं. टीव्हीवर दिसणाऱ्या कार्यक्रमांसाठी खऱ्या कलाकारांना घेऊन चित्रीकरण केलं होतं. शेवटचं गाणं ‘नो पार्टी फॉर त्साओ दोंग’ या तैवानमधल्या लोकप्रिय बँडचं होतं.

आणि या बारकाईनेच घात केला.

एका भिंतीवर मंतरलेला कागद चिकटवलेला होता, ताओ पंथाचे लोक घरात लावतात तसा. त्यावर लाल शिक्का, आणि शिक्क्यातली अक्षरं जुन्या मुद्रालिपीत. ही लिपी आज सामान्य चिनी माणसालाही सहज वाचता येत नाही. बहुतेक जण त्या कागदावरून नजर फिरवून पुढे गेले असते. पण गेम बाजारात येऊन दोन दिवस होताहेत तोच कुणीतरी स्क्रीनशॉट काढला आणि अक्षरं लावून वाचली. शिक्क्यात लिहिलं होतं ‘शी जिनपिंग’ आणि त्याला लागूनच ‘विनी द पू’. कागदावर आणखी चार अक्षरं होती. एकेकटी पाहिली तर ती निरर्थक, पण तैवानच्या बोलीत मोठ्याने वाचली की समोरच्याच्या आईवरून घातलेली शिवी ऐकू येते.

चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांची विनी द पू या गोष्टींतल्या लठ्ठ, गोड अस्वलाशी तुलना करण्याचा विनोद २०१३ पासून चिनी इंटरनेटवर फिरत होता. त्या वर्षी ओबामा आणि शी बरोबर चालत असल्याचा फोटो आला आणि कुणीतरी त्याशेजारी अस्वल आणि त्याचा मित्र टिगर यांचं चित्र लावलं. सेन्सॉरला यात गंमत दिसली नाही. चित्रं पुसली जाऊ लागली, शब्द अडवले जाऊ लागले. २०१८ मध्ये डिस्नेचा ‘क्रिस्टोफर रॉबिन’ हा विनीवरचा चित्रपट चीनमध्ये लागलाच नाही. म्हणजे रेड कँडलच्या भिंतीवर जे होतं तो कुणाचा नवा शोध नव्हता. तो इंटरनेटवरचा शिळा विनोद होता. फक्त या वेळी त्याच्यासाठी चिनी गिऱ्हाइकाने पैसे मोजले होते.

२१ फेब्रुवारीलाच कंपनीने अपडेट टाकून कागद बदलला. खुलासा असा की, गेम बनवताना तात्पुरती चित्रं वापरतात, त्या काळात संघातल्या कुणीतरी इंटरनेटवरचा चालू विनोद टाकला होता आणि शेवटची सफाई करताना तो काढायचा राहून गेला. ही एका माणसाची नव्हे, सगळ्यांची चूक. हा खुलासा अर्धा पटतो. तात्पुरती चित्रं राहून जातात हे खरंच, गेमच्या धंद्यात ते नेहमीचं आहे. पण मुद्रालिपीत नीट कोरलेला शिक्का आपोआप तयार होत नाही. कुणीतरी हसत हसत बसून तो केला असणार. ऑफिसमध्ये आपापसांत केलेली चेष्टा, बाहेर कुणी वाचणार नाही या भरवशावरची.

चीनमधून उसळलेल्या रागाला ‘सरकारी ट्रोल’ म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. तैवानमध्ये आणि पश्चिमेत अनेकांनी तेच केलं. पण आदल्या दिवसापर्यंत हेच लोक मित्रांना हा गेम घ्यायला सांगत होते. आपण प्रेमाने विकत घेतलेल्या कलाकृतीत आपल्यालाच शिवी लपवली आहे, ही भावना खोटी नव्हती. शिवाय त्यांना एक भीती होती, आणि ती अगदी व्यवहारी होती. चीनमध्ये विदेशी गेम विकायचा तर सरकारी परवाना लागतो, आणि २०१८ मध्ये तर नवे परवाने देणं कित्येक महिने बंदच होतं. स्टीमची आंतरराष्ट्रीय आवृत्ती मात्र कुठल्याही परवान्याशिवाय चालू होती. तिथे युआनमध्ये किंमत दिसे, अलीपे आणि वीचॅटवरून पैसे भरता येत, आणि सरकार काणाडोळा करत होतं. स्टीमवरचा गप्पांचा विभाग तर २०१७ च्या अखेरीपासून चीनमध्ये अडवलेलाच होता. एका शिक्क्यापायी सरकारने काणाडोळा करणं सोडलं तर? लाखो खेळाडूंची ती एकुलती एक खिडकी होती. नकारात्मक शेऱ्यांच्या लाटेत देशाभिमान होता, तसाच हा धसकाही होता.

मग एकेक हात सुटत गेला. चीनमध्ये गेमचं काम पाहणारी ‘इंडिव्हेंट’ आणि तैवानमधली ‘विंकिंग’ या दोन्ही भागीदार कंपन्यांनी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. ‘वेइबो’ या चिनी समाजमाध्यमावरचं रेड कँडलचं अकाउंट नाहीसं झालं, गेमविषयीच्या चर्चा पुसल्या गेल्या. २३ तारखेपर्यंत चीनमधल्या गिऱ्हाइकांना स्टीमवर ‘डिव्होशन’ दिसेनासा झाला. दोन दिवसांनी कंपनीने स्वतःच सगळीकडून तो काढून घेतला. गेममधले तांत्रिक दोष तपासायचे आहेत आणि आणखी काही आक्षेपार्ह राहिलेलं नाही ना याची खात्री करायची आहे, असं कारण दिलं. तैवानचे तेव्हाचे उपपंतप्रधान चेन ची-माई यांनी गेमची जाहीर पाठराखण केली. भागीदार आणि बाजार दोन्ही हातचे गेलेल्या कंपनीला या पाठिंब्याचा व्यवहारात फारसा उपयोग नव्हता.

गेम असा ‘काढला’ जातो म्हणजे नेमकं काय होतं, तेही पाहिलं पाहिजे. ज्यांनी आधी घेतला त्यांच्या खात्यात तो राहतो, ते उतरवून खेळू शकतात. नव्या माणसाला मात्र विकत घेण्याचं बटणच दिसत नाही. पुस्तकावर बंदी आली तरी रद्दीवाल्याकडे एखादी प्रत हाती लागते. इथे जुनी प्रत विकण्याची सोयच नसते. सर्व्हरवरची एक नोंद बदलली की नव्या वाचकापुरती ती कलाकृती संपली.

ही नोंद कोण बदलतं, याचं उत्तर गेल्या दहा-बारा वर्षांत सरकत गेलं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ‘हेट्रेड’ या पोलिश गेमच्या वेळी ते अगदी साधं होतं. रस्त्यात दिसेल त्या माणसाला ठार मारत सुटणारा नायक, याखेरीज त्या गेममध्ये काही नव्हतं. स्टीमने तो काही तासांत काढला, आणि दुसऱ्या दिवशी स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी दिलगिरीचा मेल पाठवून तो परत ठेवला. मालकाच्या मनात आलं, विषय मिटला. २०१८ मध्ये शाळेतल्या गोळीबाराचा ‘अ‍ॅक्टिव्ह शूटर’ येऊ घातला, तेव्हा अमेरिकेतल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारात मुलं गमावलेल्या पालकांनी आवाज उठवला आणि तो गेम बाजारात येण्याआधीच हटवला गेला. त्यानंतर आठवडाभराने व्हॉल्व्हने धोरण जाहीर केलं: जे बेकायदा आहे किंवा निव्वळ खोडसाळ आहे ते सोडून आम्ही सगळं ठेवू. ऐकायला उदार, पण खोडसाळ काय ते ठरवणार व्हॉल्व्हच.

२०२५ च्या जुलैमध्ये तर मालकही मागे पडला. ऑस्ट्रेलियातल्या ‘कलेक्टिव्ह शाउट’ या संघटनेने बलात्कार आणि कौटुंबिक लैंगिक अत्याचार दाखवणाऱ्या गेमविरुद्ध थेट कार्ड आणि पेमेंट कंपन्यांना खुलं पत्र लिहिलं. स्टीमने आपल्या नियमांत नवं कलम घातलं: पेमेंट कंपन्या, कार्ड नेटवर्क आणि बँका यांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही. पाठोपाठ शेकडो गेम गेले. ‘इच डॉट आयओ’ या छोट्या निर्मात्यांच्या दुकानाने २४ जुलैला प्रौढांसाठीचा सगळाच माल शोधातून लपवला, आणि त्या घाईत ज्यांचा अत्याचाराशी सुतराम संबंध नाही असे गेमही झाकले गेले. १ ऑगस्टला मास्टरकार्डने सांगितलं की आम्ही कुठलाही गेम तपासला नाही आणि कुठलीही बंधनं घालायला सांगितली नाहीत. व्हॉल्व्हने उत्तर दिलं की मास्टरकार्ड आमच्याशी बोललंच नाही, पण मधल्या पेमेंट कंपन्यांनी आम्हाला मास्टरकार्डच्याच नियमाचा क्रमांक दाखवला. इथेही बंदी घालणारा सापडत नाही. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

भारतात निदान सरकारचं नाव तरी पुढे असतं. २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली ११८ अ‍ॅप अडवली गेली, तेव्हा पब्जीसह सगळ्यांची यादी सरकारी पत्रकात छापून आली. त्याचीच भारतीय आवृत्ती असलेला बीजीएमआय २८ जुलै २०२२ रोजी गूगल आणि अ‍ॅपलच्या दुकानांतून गेला, तेव्हा मात्र पत्रक नव्हतं. आदेश आला आणि आम्ही तो पाळला, एवढंच गूगलने सांगितलं. असे आदेश गोपनीय ठेवण्याची तरतूद नियमांतच आहे. पुढे मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर गेम परत आला आणि चाळीतल्या पोरांनी सुटकेचा श्वास सोडला.

चीनची रीत या दोन्हींहून वेगळी आहे, आणि तिचा धाक सीमेपलीकडेही पोचतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘प्लेग इंक’ हा रोगराईवरचा गेम चीनमधल्या अ‍ॅपलच्या दुकानातून गेला. त्यात बेकायदा मजकूर असल्याचं सायबर प्रशासनाने ठरवल्याचं निर्मात्यांना कळवण्यात आलं. एप्रिलमध्ये हाँगकाँगचा कार्यकर्ता जोशुआ वाँग याने ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या गोंडस बेटावरच्या गेममध्ये निषेधाचा फलक उभारून त्याचा फोटो टाकला, आणि पाठोपाठ तावबावसारख्या चिनी बाजारपेठांतून तो गेम दिसेनासा झाला. ‘डिव्होशन’च्या वेळी पडदा थोडा वर झाला तो जुलै २०१९ मध्ये. चीनमधल्या भागीदार इंडिव्हेंटचा व्यवसाय परवानाच रद्द झाल्याची बातमी आली. शिक्का तैवानमध्ये तयार झाला होता, शिक्षा भागीदाराला झाली. त्याच महिन्यात रेड कँडलने जाहीर केलं की नजीकच्या काळात गेम पुन्हा विकायचा विचार नाही.

पुढच्या वर्षी एक अनपेक्षित दार उघडलं. हार्वर्ड विद्यापीठातल्या पूर्व आशियाई ग्रंथसंग्रहाने, म्हणजे हार्वर्ड-येनचिंग ग्रंथालयाने, ‘डिटेन्शन’ आणि ‘डिव्होशन’ हे दोन्ही गेम आपल्या संग्रहात घेतले. जून २०२० मध्ये फक्त तैवानपुरती पेटीतली आवृत्ती निघाली. बाहेरच्या जगाला मात्र गेम मिळत नव्हताच.

मग १६ डिसेंबर २०२० उजाडला. तेव्हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट समूहात असलेल्या ‘जीओजी’ या दुकानात ‘डिव्होशन’ १८ तारखेला येणार, अशी घोषणा झाली. हे दुकान कुलूप न लावलेले गेम विकण्यासाठी नावाजलेलं. एकदा उतरवला की गेम कायमचा तुमचा, हे त्यांचं ब्रीद. चाहते हरखून गेले. काही तासांतच जीओजीने ट्वीट केलं: खेळाडूंचे पुष्कळ संदेश आल्यामुळे हा गेम न ठेवण्याचं आम्ही ठरवलं आहे. त्या ट्वीटखाली हजारोंनी एकच प्रश्न विचारला, कोणत्या खेळाडूंचे? उत्तर मिळालं नाही. याच समूहाचा ‘सायबरपंक २०७७’ त्याच महिन्याच्या १० तारखेला बाजारात आला होता, आणि चीनसारखा बाजार दुखावणं त्या घडीला त्यांना परवडणारं नव्हतं, हा तर्क बाहेरून केलेला असला तरी टाळता येत नाही. नियतीचा खेळ असा की, जीओजीने पाहुण्याला दारातून परत पाठवलं त्याच आठवड्यात सोनीने ‘सायबरपंक’ला प्लेस्टेशनच्या दुकानातून बाहेर काढलं. तिथे वाद राजकारणाचा नव्हता. गेम जुन्या यंत्रांवर धड चालतच नव्हता. तो जून २०२१ मध्ये परत आला.

दोन्ही मोठ्या दुकानांचे दरवाजे बंद झाल्यावर रेड कँडलने तिसऱ्याची वाट पाहिली नाही. १५ मार्च २०२१ रोजी त्यांनी स्वतःचं ऑनलाइन दुकान उघडलं आणि ‘डिव्होशन’ थेट ग्राहकाला विकायला सुरुवात केली, कुलपाशिवाय. भिंतीवरचा तो कागद अर्थातच बदललेला होता. ज्या खेळाडूंनी दोन वर्षं केवळ ऐकलं होतं त्यांनी आता तो पहिल्यांदा हाताळला. ही सोय प्रत्येकाला जमणारी नाही, हेही खरं. वाद इतका गाजला होता की जाहिरातीची गरजच उरली नव्हती. एखाद्या अनोळखी निर्मात्याने असं दुकान थाटलं असतं, तर तिथवर वाट वाकडी करून कोण गेलं असतं?

मे २०२४ मध्ये कंपनीचा तिसरा गेम ‘नाइन सोल्स’ आला. ताओ विचार आणि सायबरपंक यांची सरमिसळ असलेला, हाताने काढलेल्या चित्रांचा हा तलवारबाजीचा गेम पुन्हा स्टीमवरच विक्रीला होता, आणि त्याच्या शेजारी ‘डिटेन्शन’ही होता. ‘डिव्होशन’ मात्र तिथे नव्हता. तो हवा असलेल्यांना रेड कँडलच्याच दुकानात जावं लागत होतं.